वक्ता क्रमांक तीन

आमची ताई औषधांचं दुकान चालवते, आणि त्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकाला आपलं वाक्य पूर्ण करता आलेलं नाही. माणूस पायरी चढून "मला जरा ते..." एवढं म्हणेपर्यंत ताईचा हात मागच्या फळीवर पोचलेला असतो. "जेवणानंतर एक. आणि तिखट बंद करा थोडे दिवस." माणूस आ वासून बघत राहतो, पण औषध बरोबर असतं, त्यामुळे तक्रार कशाची करायची ते त्याला कळत नाही. ताईने लग्न केलं नाही. विचारायला आलेल्यांपैकी एकाचंही वाक्य तिने शेवटपर्यंत जाऊ दिलं नसणार, असा माझा अंदाज आहे. हे मी तिला एकदा सांगायला गेलो होतो. तेही अर्ध्यावरच राहिलं.

मी तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी गाठली तरी तिच्या लेखी अजून 'छोट्या'. धंद्याने दातांचा डॉक्टर. घरात बोलायला मिळालं नाही त्याची भरपाई मी दवाखान्यात करतो. समोरचा माणूस तोंड उघडून आडवा पडलेला असतो, माझी बोटं त्याच्या दाढेपर्यंत गेलेली असतात, आणि मी त्याला जगातल्या झाडून सगळ्या विषयांवरची माझी मतं ऐकवतो. कुणी मधे बोलत नाही. फार सुखाचा धंदा आहे.

बायको विद्यापीठात प्राध्यापिका आहे. माणसं एकमेकांशी कशी बोलतात, यावर तिचं संशोधन. काय बोलतात याच्याशी तिला देणंघेणं नसतं. कोण आधी बोलतं, कोण किती थांबतं, कोण कुणाला मधेच तोडतं, याची ती मोजदाद करते. लग्नानंतर पहिल्यांदा ती आमच्या घरी जेवायला बसली, ताई, बाबा आणि मी बोलायला लागलो, आणि तिचे डोळे चमकले. मला वाटलं, माझ्यावर खूश आहे. तिला संशोधनाचा विषय सापडला होता.

थोड्याच दिवसांत तिने आम्हा तिघांची रीतसर लेखी परवानगी घेतली आणि टेबलावर पाण्याच्या तांब्यामागे आवाज टिपणारं एक छोटं यंत्र ठेवलं. सुरुवातीला आम्ही रेडिओवर बोलावल्यासारखे बोलायचो. बाबा तर "कृपया मीठ इकडे देता का" असं मला म्हणाले होते. मग सगळे त्या यंत्राला विसरले आणि घर मूळपदावर आलं. पुढे वर्षभराने त्यातून एक शोधनिबंध तयार झाला, 'कोण कुणाला मधे तोडतं: एका कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावरचं संभाषण'. तो एका मोठ्या नियतकालिकात छापून आला आणि बायकोचं नाव झालं. त्यात आमची नावं नव्हती. बाबा 'वक्ता १', मी 'वक्ता २' आणि ताई 'वक्ता ३'. माझ्याबद्दल त्यात एकच वाक्य आहे: 'वक्ता २ स्वतःचे वाक्य पूर्ण करण्याचा प्रयत्न सहसा करत नाही.' उरलेला सगळा निबंध ताईवर आहे.

त्यातल्या एका वाक्याने आमची झोप उडवली, म्हणून ते इथे देतो. 'वक्ता ३ ही या कुटुंबाच्या संभाषणातील प्रमुख अडथळाकार आहे.' अडथळाकार हा शब्द बायकोने स्वतः घडवला. पुढे तो इतरांनीही उचलला, त्यावर चर्चासत्रं झाली, एका तरुणाने पीएचडी केली. आता माझी सख्खी बहीण निम्म्या जगाच्या वर्गांमध्ये अडथळाकार म्हणून शिकवली जाते.

आपण त्यात तीन नंबर आहोत, यापलीकडे ताईला यातलं काही माहीत नव्हतं. निबंध छापून आल्यावर तिने लगेच "दे की वाचायला" म्हणून हात पुढे केला होता. बायकोची पाचावर धारण बसली. ती म्हणाली, "ताई, तो कुलपात आहे हो. प्रकाशकाला पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. माझाच लेख आहे, पण मलाही उघडता येत नाही." यातलं बरंचसं खरं होतं. आणि ताईला राग यायच्या ऐवजी अभिमानच वाटला. ती दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली, "आमच्या घरावर लेख आहे भावजयीचा. इतका मौल्यवान, की कुलपात ठेवलाय." पुढची अनेक वर्षं ती दर काही महिन्यांनी विचारायची, "उघडलं का गं ते कुलूप?" आणि बायको सुस्कारा टाकून म्हणायची, "कुठलं हो ताई." तो सुस्कारा समाधानाचा आहे हे मला एकट्याला माहीत होतं. मधल्या काळात बाबा गेले. घरात आम्ही दोघं उरलो आणि ताई दुकानावरच्या खोल्यांमध्ये एकटी राहायला लागली. रविवारी मात्र ती आमच्याकडे जेवायला येते.

आता गंमत बघा. याच कुलपाविरुद्ध माझ्या बायकोने आख्ख्या विद्यापीठात रान उठवलं होतं. तिचं म्हणणं मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही सांगू शकेन. संशोधन लोकांच्या पैशावर होतं. लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो. मग प्रकाशक ते कुलपात घालतो आणि त्याच विद्यापीठाला भरमसाट दराने परत विकतो, आणि ज्या लोकांच्या पैशावर हे सगळं झालं त्यांना सारांश दाखवून दारातून हाकलतो. मला पटावं म्हणून ती म्हणायची, "समज, तू पेशंटचा दात काढलास आणि तो बघायला त्यालाच तिकीट लावलंस. चालेल?" मी म्हणायचो, चालणार नाही. दाताबद्दल माझं मत घरात विचारलं जातं, एवढंच मला बरं वाटायचं.

शेवटी ती जिंकली. विद्यापीठाने ठराव केला: प्रत्येक प्राध्यापकाचा प्रत्येक लेख, जुना असो वा नवा, छापण्याआधीच्या शेवटच्या प्रतीच्या रूपात विद्यापीठाच्या खुल्या भांडारात ठेवायचा. जगात कुणीही यावं, फुकट वाचावं. ज्यांना आपला लेख बंद ठेवायचा असेल त्यांनी समितीकडे सबळ कारण देऊन अर्ज करावा. समितीची अध्यक्ष अर्थातच आमची ही. पहिलाच अर्ज इतिहासाच्या सरांचा आला. तरुणपणी त्यांनी एक लेख लिहिला होता, तो आता वाचवत नाही, लोक हसतील, म्हणून तो बंदच ठेवावा अशी त्यांची विनंती होती. बायकोने बाणेदारपणे उत्तर पाठवलं: 'लाज वाटणे हे कारण नियमात बसत नाही.' ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर विचारलं, "कसंय?" मी म्हणालो, "जोरदार."

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालाचा फोन आला. मुलगा उत्साही आहे, बोलताना त्याला दम लागतो. "मॅडम, भांडाराचं उद्घाटन करतोय आपण. आणि पहिला लेख कुठला उघडायचा माहितीय? तुमचा! टेबलाचा! सगळ्यात जास्त वाचला जाणारा! मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, कुलूप उघडायचं!"

बायको फोन ठेवून खुर्चीत बसली. दुसऱ्यांच्या लेखांची कुलपं तोडता तोडता घरचं एक कुलूप आहे, हे ती साफ विसरली होती. इतकी हुशार बाई, पण हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मला खरं सांगायचं तर हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघून मी ते दाबलं. ताई तिची नुसती नणंद नाही. बायकोची आई लवकर गेलेली, आणि या घरात आल्यापासून आजारपणात उशाशी कोण बसलं, तर ताई. ते तिला गमवायचं नव्हतं.

"अर्ज कर," मी म्हणालो. "तूच कर, तूच मंजूर कर."

"कारण काय देऊ? लाज वाटते?"

मी समोरचं वर्तमानपत्र उघडलं.

"ताईंना कळायच्या आत आपणच सांगू," ती म्हणाली. "आपल्या तोंडून कळलेलं बरं."

पण ताईला उद्घाटनाचं कळलं होतं. तिच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी विद्यापीठातली. रविवारी ती जेवायला आली तीच नव्या चपला घालून. चपला पायात सैल करून घ्यायच्या होत्या म्हणे, उद्घाटनाच्या दिवशी चावायला नकोत.

बायकोने वाढता वाढता सुरुवात केली. "ताई, परवाच्या त्या लेखात तुमच्याबद्दल जे..."

"माहितीय गं. नाव नाही घातलंस. तुमचा नियम असतो तसा. मला नाही हं राग."

"नावाचं नाही ताई. त्यात मी असं म्हटलंय, की तुम्ही सगळ्यांना..."

"धरून राहते. मग? राहतेच मी. बाबा गेल्यावर दुसरं कोण होतं बघायला?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी घास गिळला आणि पुढे झालो. "ताई, ती सांगतेय ते जरा वेगळं आहे. त्या लेखात तू जराशी..."

"जाडी दिसते? फोटो आहे?"

"फोटो नाहीये."

"मग कसलं टेन्शन घेता दोघं?"

बायकोने शेवटचा जोर लावला. डोळे मिटून तिने वाक्य रेटलं, पण 'अडथळा' एवढाच शब्द बाहेर पडला.

"अडथळा कसला? दुकान बंद ठेवणारे त्या दिवशी. पाटीसुद्धा लिहून झालीय."

ताई गेल्यावर बायको स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "अरे, हा आख्खा प्रसंग त्या निबंधात घालता आला असता." मग तिला रडू आलं.

उद्घाटनाच्या दिवशी विद्यापीठाचं छोटं सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. ताई पहिल्या रांगेत बसली आणि शेजारच्या अनोळखी बाईंना तिने सांगून टाकलं, "त्यातली तीन नंबर म्हणजे मी." भाषणं झाली. कुलगुरूंनी ज्ञानाच्या दरवाजांबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. मग ग्रंथपालाने बटण दाबलं, पडद्यावर कुलपाचं चित्र आलं, ते उघडलं आणि निबंधाचं पहिलं पान दिसलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात ताईने वाजवल्या.

इथे थांबलं असतं तरी निभावलं असतं. कारण पहिल्या पानावर नुसता सारांश होता, आणि तो बायकोने इतक्या अवघड भाषेत लिहिला होता की घरच्या माणसालाही आपण घरचे आहोत हे कळू नये. पण मागून इतिहासाच्या सरांनी हात वर केला.

"मॅडम, सारांश तर आधीही दिसायचा. आता काय नवीन दिसतं ते दाखवा ना. मधलं एखादं पान. काही हरकत नसेल तर."

'काही हरकत नसेल तर' हे त्यांनी फार गोड आवाजात म्हटलं. बायकोने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. ग्रंथपालाला काय, तो तयारच होता. "अगदी! शेवटच्या पानापर्यंत सगळं दिसतं!" म्हणत त्याने पानं सरकवली आणि जिथे आमच्या टेबलावरचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं होतं तिथे येऊन थांबला. पडद्यावर हातभर मोठी अक्षरं उभी राहिली.

'वक्ता १ (वडील): मी काय म्हणतो, तुझ्या त्या दुकानाचं आता...

वक्ता ३ (मुलगी): दुकानाचं मी बघते. तुम्ही भाजी घ्या आधी, गार होतेय.

वक्ता ३ ही या कुटुंबाच्या संभाषणातील प्रमुख अडथळाकार आहे. तिच्या हस्तक्षेपानंतर वक्ता १ आपले वाक्य कायमचे सोडून देतो.'

सभागृहात हशा पिकला. वाईट मनाने नव्हे, प्रत्येकाला आपल्या घरातलं कुणीतरी आठवलं असणार. शेजारच्या बाई ताईकडे वळून हसल्या. ताई हसली नाही. तिने चष्मा लावला, पडद्यावरचं पुन्हा एकदा वाचलं, चष्मा काढला, पर्स उचलली आणि शांतपणे बाहेर गेली. मी तिच्या मागे धावलो. "ताई, थांब. ऐक तरी. तिला तसं काही..." आणि मी सवयीने थांबलो. उरलेलं ताई बोलेल म्हणून. ती काहीच बोलली नाही. माझं वाक्य तिथेच जिन्यात लोंबकळत राहिलं आणि ते कसं संपवायचं होतं हे माझं मलाच माहीत नव्हतं.

ती पुढच्या रविवारी जेवायला आली नाही. बायकोने फोन केला तर ताई "हं" म्हणाली, "बरं" म्हणाली आणि बायकोचं बोलणं संपेपर्यंत थांबली. बायको फोन ठेवून पांढरीफटक. "अरे, त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं," ती म्हणाली. "आता काही खरं नाही."

शेवटी मी दवाखाना लवकर बंद करून दुकानात गेलो. रांग पायरीखाली फुटपाथपर्यंत आली होती. असं त्या दुकानात कधी होत नाही. पुढे होऊन बघतो तर ताई काउंटरवर हात ठेवून उभी, आणि समोरचा माणूस घामाघूम.

"मला जरा ते..." तो म्हणाला आणि थांबला.

ताईही थांबली.

"म्हणजे, ते बसताना जरा..." त्याने मागे वळून रांगेकडे बघितलं. ताई तोंडातून शब्द न काढता ऐकत होती. त्या बिचाऱ्याला शेवटी 'मूळव्याध' हा शब्द चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागला. रांगेत त्याच्या मागे त्याच्याच ऑफिसमधली मुलगी होती, असं त्याच्या मानेवरून तरी वाटलं. मागची एक म्हातारी मला म्हणाली, "काय झालंय हो तुमच्या बहिणीला? चार दिवस असंच चाललंय. काल मला सगळं सांगायला लावलं. सगळं!"

रांग संपल्यावर मी काउंटरच्या आत गेलो. "ताई, तू चिडलीयस ते बरोबर आहे. पण असं गप्प राहून..."

ती माझं संपायची वाट बघत होती. मला पुढचं सुचेना. तेव्हा तीच म्हणाली, "मी चिडले नाहीये, छोट्या. अडथळाकार काय, मला ठाऊक नाही का मी कशी आहे ते? तुम्हा दोघांना वाटलं मला माहीत नाही, याचंच मला हसू आलं." पण ती हसली नव्हती. ती फळीवरच्या बाटल्या सरळ करत राहिली. "बाबा पुढे काय म्हणणार होते रे?"

"कधी?"

"तेव्हा. 'तुझ्या त्या दुकानाचं आता' म्हणाले. पुढे काय?"

आता हे सांगायला हवं. दुकान मूळचं बाबांचं. ताईच्या हातात आलं तरी बाबा रोज येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि ही बाटली इथे का, ते खोकं तिथे का, असं चाललेलं असायचं. दोघांची रोज वादावादी. एक दिवस ताईने सगळ्या फळ्या नव्याने लावून घेतल्या. आणि त्याच सुमाराला बाबांनी दुकानात यायचं बंद केलं. एकदम, काही न सांगता. पुढे ते गेले तोवर दुकानाची पायरी चढले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "आता काय काम माझं तिथे?"

"मला वाटायचं फळ्यांवरून रुसले," ताई म्हणाली. "इतकी वर्षं तेच मनात धरून बसलेय. आणि आता बघते तर काय, ते सांगायला आले होते. टेबलावर. आणि मी म्हटलं भाजी घ्या." तिचा आवाज फाटला. "कायमचं सोडून दिलं म्हणे. तुझी बायको हुशार आहे, तिने लिहिलंय म्हणजे सोडूनच दिलं असणार. मी त्यांना बोलूच दिलं नाही रे."

ताईला रडताना मी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी स्टुलावर बसलो, मग ते बाबांचं आहे हे लक्षात येऊन उठलो.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती ऐकून घेऊन बराच वेळ नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, "ध्वनिमुद्रण आहे. सगळं जपून ठेवलंय."

"मग त्यात असेल ना पुढचं!"

"असेल की नाही कुणास ठाऊक. मी फक्त तुटलेल्या जागा शोधत होते. तुटलं की खूण करायची आणि पुढच्या तुटण्याकडे जायचं. मधलं मला लागत नव्हतं. त्या जागेनंतर ताई तुझ्याशी बोलायला लागतात आणि बाबांचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी लिहिलं सोडून दिलं." ती थांबली. "आणि खरंच सोडून दिलं असेल तर? ताईंना बोलावून तेच ऐकवायचं?"

त्याच भीतीने आम्ही दोघं खुर्चीत अवघडून बसलो होतो. पण निर्णय ताईनेच घेतला. मी फोनवर "ताई, ते रेकॉर्डिंग आहे, पण..." एवढं म्हटलं, आणि ती म्हणाली, "येते."

विद्यापीठातल्या बायकोच्या खोलीत आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. सगळीकडे पुस्तकं, एकच खिडकी, आणि तिच्या संगणकाला जोडलेले दोन स्पीकर. बायकोने ती जागा शोधली. आधी भांड्यांचा आवाज आला. मग आमचं टेबल. मी कसला तरी घास खात होतो, ते चावणंसुद्धा ऐकू येत होतं. माझ्याच व्यवसायातल्या माणसाने इतकं वाजवत खावं याची मला लाज वाटली.

मग बाबा बोलले. "मी काय म्हणतो, तुझ्या त्या दुकानाचं आता..."

त्यांचा आवाज ऐकून ताईने टेबलाची कड धरली.

"दुकानाचं मी बघते. तुम्ही भाजी घ्या आधी, गार होतेय," स्पीकरमधली ताई म्हणाली, आणि लगेच माझ्याकडे वळली. "छोट्या, ते ताट असं सरकवू नकोस, डाग पडतात, नंतर मलाच घासावे लागतात, किती वेळा सांगितलं..."

बायकोने आवाज वाढवला. स्पीकरमधली ताई ताटांवरून चमच्यांवर गेली, चमच्यांवरून माझ्या दवाखान्यावर, तिथून माझ्या केसांवर. त्या सगळ्याच्या खाली काहीतरी होतं. एक जाड, हळू आवाज. शब्द लागत नव्हते.

खुर्चीतली ताई एकदम स्पीकरवर ओरडली, "अगं गप्प बस ना बाई जरा! बोलू दे त्यांना!"

बायकोने मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा लावला. तिने काहीतरी फिरवलं, ताईचा आवाज बारीक झाला आणि बाबांचा वर आला. घास खात खात, सावकाश, कुणी ऐकतंय की नाही याची फिकीर न करता बोलल्यासारखा.

"हां, तेच म्हणतोय मी. तूच बघ. फळ्या चांगल्या लावल्यास, मला तर आता काही सापडतच नाही." इथे ते स्वतःशीच हसले. "उद्यापासून मी काही यायचा नाही. मी तिथे बसलो की लोक मला विचारतात. आता तुला विचारू देत. भाजी छान झालीय."

पुढे पुन्हा ताटांचा विषय सुरू झाला. बायकोने ते बंद केलं.

मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण माझे डोळे भरून आले होते. ताईने पदराने नाही, पर्समधून दुकानातला कापसाचा बोळा काढून डोळे टिपले. बायको तिच्याजवळ खाली बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"ताई, मी लिहिलंय की बाबांनी वाक्य सोडून दिलं. ते चूक आहे. साफ चूक आहे. त्यांनी पूर्ण केलं होतं, आणि मी नीट न ऐकता... मला आता सगळ्यांसमोर त्याची दुरुस्ती..."

"छाप," ताई म्हणाली. "आजच छाप. सगळ्यांना दिसेल अशी."

बायकोला हुंदका फुटला आणि हसूही. "आणि ते अडथळाकार? तेही काढून टाकते."

"ते कशाला? ते बरोबर आहे. राहू दे." ताईने खुर्ची स्पीकरच्या जवळ ओढली, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "आता पुन्हा लाव. आणि कुणी मधे बोलू नका."